लोखंडाचा खिळा न वापरता पोथ्यांची पेटी: खुंट्यांचे सांधे आणि फाटलेला तळ

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

आमच्या घरी आजोबांच्या नित्यवाचनातल्या दोन पोथ्या आहेत. दोन्ही आडव्या, सुट्या पानांच्या आणि तांबड्या रुमालात बांधलेल्या आहेत. चातुर्मासात त्यांचे वाचन आजही होते आणि एरवी त्या पत्र्याच्या ट्रंकेत असत. दोन वर्षांपूर्वी ट्रंकेच्या तळाला आतून गंज चढल्याचे दिसले, आणि त्याचे डाग एका रुमालावर उतरलेले होते. पानांपर्यंत डाग गेले नव्हते, पण जीव धसकला. म्हणून लोखंडाचा एकही खिळा नसलेली लाकडी पेटी स्वतःच्या हातांनी करायची असे ठरवले.

लाकूड घरचेच होते. जुने माळवद उतरवले तेव्हाच्या तुळया गोठ्यात पडून होत्या. त्यांतली एक सागवानी तुळई वखारीत चिरून आणली आणि फळ्या सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीवर रंधून घेतल्या. पेटी आतून अठरा इंच लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच उंच ठेवली. लांब फळ्यांच्या दोन्ही टोकांना आतल्या अंगाने तीन सूत खोल खाच पाडून त्यांत आखूड फळ्या बसवल्या, बाहेरून दोन सुतांची भोके पाडली आणि सागाच्याच खुंट्या पांढरा गोंद लावून ठोकल्या. तळाची साडेअकरा इंच रुंद अखंड फळी खालून चारही बाजूंनी गोंद आणि खुंट्या घालून पक्की केली. गेल्या श्रावणात पेटी पूर्ण झाली आणि नागपंचमीला पोथ्या तिच्यात ठेवल्या. घरातल्या सर्वांना फार समाधान वाटले.

या वैशाखात एका दुपारी सगळे आडवे झालेले असताना देवघरातून तडकन आवाज आला. पाहिले तर तळाची फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटलेली होती आणि भेगेत रुपयाचे नाणे उभे सरकत होते. एका कोपऱ्याचा सांधाही किंचित उघडला आहे. शिवाय कोपऱ्यांवरच्या खुंट्यांची टोके, जी मी काचकागदाने अगदी समतल केली होती, ती आता बोटाला लागतात. म्हणजे खुंट्या बाहेर येत आहेत काय? तुळई माझ्या आजोबांच्याही आधीची आहे, त्यामुळे लाकूड ओले असण्याचा प्रश्न नव्हता. चूक नेमकी कुठे झाली आणि ही पेटी आता वाचवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाकस (परभणी जिल्हा)

आधी तीन गोष्टी कळवाव्यात. चारही भिंतींच्या फळ्यांचे रेषे, म्हणजे लाकडाचे उभे धागे, आडवे, पेटीभोवती फिरणारे आहेत का? तळाच्या फळीचे रेषे पेटीच्या लांबीने आहेत का? आणि खुंट्या लाकूड फोडून काढल्या की करवतीने कापून?

मांजराकाठ

भिंतींचे रेषे आडवेच आहेत. तळाचे रेषे लांबीने आहेत. खुंट्यांसाठी उरलेल्या फळीतून करवतीने चौकोनी काड्या कापल्या आणि कानशीने गोल केल्या. ठोकताना त्यांतल्या पाच मोडल्या.

वाकस (परभणी जिल्हा)

मग चूक कळली. आपली भिंतींची रचना योग्य आहे आणि खाचही योग्य आहे. त्यामुळे पेटी वाचेल, एवढे आधी सांगतो म्हणजे मन स्वस्थ होईल.

जुने लाकूड हलत नाही, ही समजूत आमच्या धंद्यातल्या लोकांतही आहे, पण ती खरी नाही. जुने लाकूड वाळलेले असते, हे खरे. तरी हवेतला ओलावा ते पावसाळ्यात घेते आणि उन्हाळ्यात सोडते, मग ते शंभर वर्षांचे का असेना. आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे पाहावेत. पावसाळ्यात ते चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात खडखडतात. ते हलणे रेष्यांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ शून्य असते. सगळे हलणे रेष्यांना आडवे, म्हणजे रुंदीत आणि जाडीत होते. पेटी जोडणाऱ्याने हे एकदा मनात धरले की बाकीची बरीचशी कामे त्यातून आपोआप ठरतात.

आता आपल्या पेटीकडे पाहू. चारही भिंतींचे रेषे आडवे असल्यामुळे पावसाळ्यात चारही भिंती उंचीत सारख्याच वाढतात आणि सारख्याच आटतात, म्हणून कोपऱ्याच्या सांध्यावर ताण येत नाही. तळाची गोष्ट मात्र उलटी आहे. तळाची रुंदी रेष्यांना आडवी आहे, ती आटणारच. आणि ज्या आखूड भिंतींना आपण ती जखडली, त्यांची लांबी रेष्यांच्या दिशेने असल्यामुळे ती आटत नाही. श्रावणात लाकूड फुगलेले असताना आपण तळ चारही बाजूंनी पक्का केला. वैशाखात त्याला आत सरकायचे होते आणि कडेच्या खुंट्या त्याला सरकू देत नव्हत्या, म्हणून तो मध्येच फाटला. हेच काम आपण वैशाखात केले असते, तर तळ फाटला नसता, पण पावसाळ्यात फुगून त्याने लांब भिंती बाहेर ढकलल्या असत्या आणि कोपरे उघडले असते.

खुंट्यांची टोके बोटाला लागतात, त्याचे कारणही हेच आहे. खुंटी लांबीने आटत नाही आणि तिच्या भोवतीची फळी जाडीने आटली, म्हणून टोक किंचित वर राहिलेले दिसते. खुंटी जागची हललेली नाही. ती टोके आता घासू नयेत. पावसाळ्यात ती पुन्हा समतल होतील.

दुधना (जालना)

वाकसकाकांनी सांगितलेले आकड्यांत मांडतो, म्हणजे किती जागा सोडायची याचा अंदाज येईल. सागाचे लाकूड पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वार्षिक कंकणांच्या (खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या) कडेने सुमारे ५.८ टक्के आटते, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने हे आटणे कमी आहे, म्हणूनच सागाला पेटीकामात मान आहे. फळीच्या टोकाशी कंकणे आडवी पसरलेली दिसत असतील, तर पहिला आकडा धरावा; ती उभी दिसत असतील, तर दुसरा.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि पावसाळ्याच्या भरात ती ऐंशीच्या घरात जाते. घरात ठेवलेल्या लाकडातला ओलावा त्यामुळे वर्षभरात सुमारे सहा टक्क्यांपासून तेरा टक्क्यांपर्यंत फिरतो, असे धरायला हरकत नाही. आडव्या कंकणांच्या सागवानी फळीची रुंदी एक टक्का ओलाव्यामागे सुमारे ०.२ टक्के बदलते. सात टक्के ओलाव्याला हा बदल १.४ टक्के होतो. दहा इंच म्हणजे ऐंशी सूत, त्याचे १.४ टक्के म्हणजे एक सुताहून थोडे अधिक. साडेअकरा इंचांच्या तळाला तोच हिशेब सव्वा सुतावर जातो. मांजराकाठ यांच्या भेगेत रुपयाचे नाणे जाते, म्हणजे भेग अर्ध्या सुताच्या आसपास आहे. उरलेला ताण खुंट्यांनी आणि त्या उघडलेल्या कोपऱ्याने सोसला असणार.

गोदाकाठची वाचक (नांदेड)

माझा प्रश्न पोथीच्या बाजूने आहे. तळाला हलायला जागा सोडली, तर त्या फटीतून कसर आणि झुरळे आत जाणार नाहीत का? आमच्याकडे एका जुन्या पोथीच्या कडा कसरीने जाळीसारख्या केल्या आहेत. पेटी फाटली तर दुरुस्त होईल, पान मात्र पुन्हा मिळत नाही.

वाकस (परभणी जिल्हा)

ताईंचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर पट्टीत आहे.

तळ भिंतींच्या खाली न ठोकता आत बसवावा. चारही भिंतींच्या आतल्या अंगाला, अगदी खालच्या कडेशी, सहा सूत रुंद आणि चार सूत जाड अशा पट्ट्या खुंट्यांनी पक्क्या कराव्यात. पट्टीचे रेषे भिंतीच्या रेष्यांबरोबर जात असल्यामुळे तिला गोंदही चालेल. तळाची फळी या पट्ट्यांवर नुसती ठेवायची. दोन्ही आखूड बाजूंच्या पट्ट्यांत, बरोबर मधोमध, खालून एकेक खुंटी घालायची. बाकी कुठेही खुंटी नाही आणि तळाला गोंदाचा थेंबही नाही. मध्य जखडलेला राहतो आणि फळी दोन्ही लांब भिंतींकडे सारखी वाढते किंवा आटते. लांब भिंतीजवळ जी फट राहते, तिच्या खाली पट्टी असते, त्यामुळे खालून वाट उघडी पडत नाही. खाचेचा रंधा ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी भिंतींतच खाच पाडून तळ तीत सोडावा. पण पट्टीचे काम साध्या हत्यारांनी होते आणि ते कमी प्रतीचे नाही.

मांजराकाठ यांनी जुनी फळी टाकू नये. भेगेत गोंद आणि भुसा भरण्याचा मोह होतो, तो मात्र टाळावा. उन्हाळ्यात भरलेली भेग पावसाळ्यात मिटायला जागा शोधते. फळी भेगेवरच पूर्ण वेगळी करावी, दोन्ही कडा रंध्याने सरळ कराव्यात, आणि त्या एकमेकींना गोंदाने जोडून रात्रभर आवळून ठेवाव्यात. रेष्यांबरोबरचा हा जोड लाकडाइतकाच पक्का होतो. फळी साडेअकरा इंचांची होती आणि आता दहाच इंच लागणार आहे, त्यामुळे रंधण्यात गेलेले भरून निघते.

आता काळाचा विचार. सध्या रोहिणी चालू आहेत, म्हणजे लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे आहे. मृगाच्या आधी काम करणार असाल, तर तळ आतल्या मापापेक्षा एक सूत कमी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे सूत सुटेल. हेच काम भाद्रपदात करणारा असेल, तर त्याने तळ घट्ट बसवावा, कारण तेव्हा लाकूड फुगलेले असते आणि पुढे ते आटणारच असते. पुस्तकातले एकच माप बारा महिने वापरले, तर आपल्या हवेत ते सहा महिने चुकीचे ठरते.

बालाघाट (बीड जिल्हा)

खुंट्यांबद्दल विस्ताराने लिहावे अशी विनंती. आमच्याकडे बाभूळ मुबलक आहे. बाभळीच्या खुंट्या चालतील का?

वाकस (परभणी जिल्हा)

चालतील, पण वेळू अधिक चांगला. दोन्हींचे सांगतो.

बाभूळ कठीण आणि चिवट आहे. गाडीचा तुंबा, जुवाच्या शिवळा, तिफणीचे दांडे ही कामे आमच्या वाडवडिलांनी बाभळीवरच केली. परंतु बाभळीचे रेषे पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले असतात, आणि दोन सुतांच्या बारीक खुंटीत रेषा तिरपा निघाला की खुंटी तिथेच मोडते. मांजराकाठ यांच्या पाच खुंट्या मोडल्या त्याचेही कारण हेच. करवत सरळ जाते, पण रेषा तिच्याबरोबर सरळ जात नाही. म्हणून खुंटी कापू नये, फोडून काढावी. लाकडाच्या लहान ठोकळ्यावर पटाशी ठेवून मोगरीने (लाकडी हातोड्याने) टोला दिला की लाकूड आपल्या रेष्यावर फुटते, आणि त्या काडीत एकही तुटलेला रेषा नसतो.

वेळूत हे काम सोपे होते, कारण तो मुळातच सरळ फुटतो. जाड, भरीव वेळूचे पेर घ्यावे, कोयत्याने कामट्या काढाव्यात आणि त्यांचा बाहेरच्या सालीकडचा भाग ठेवून आतला पोचट भाग ताशून टाकावा. वेळूचे बळ पाठीकडे असते. वेळूला भुंगा लागतो, तो त्याच्यातल्या पिठूळ अंशासाठी. म्हणून कामट्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहून, मग सावलीत पूर्ण वाळवाव्यात. पोथीच्या पेटीत हे टाळू नये.

गोल करण्यासाठी जाड लोखंडी पट्टीला दोन सुतांचे स्वच्छ भोक पाडावे. कामटी आधी चाकूने अंदाजे गोल करून टोक निमुळते करावे आणि त्या भोकातून ठोकून पलीकडे काढावी. पट्टीची कड जादा लाकूड खरवडून टाकते आणि सगळ्या खुंट्या एका मापाच्या होतात. ठोकण्याआधी खुंट्या तासभर चुलीच्या उबेला किंवा गरम वाळूत ठेवाव्यात. त्या आणखी वाळून किंचित बारीक होतात. सांध्यात गेल्यावर हवेतला ओलावा घेऊन फुगतात आणि भोक गच्च धरतात.

भोक पाडण्याची एक रीत आहे, ती जपून करावी. कोपऱ्यात खुंटी लांब फळीच्या ओठातून, म्हणजे खाच पाडून उरलेल्या पातळ भागातून, आखूड फळीच्या टोकात शिरते, आणि टोकाकडच्या लाकडाची पकड मुळात कमी असते. सगळी भोके सरळ पाडली, तर फळी सरळ ओढली जाऊन निघू शकते. म्हणून पहिले भोक किंचित वर तिरपे, दुसरे किंचित खाली, तिसरे पुन्हा वर असे पाडावे. हा तिरपेपणा फक्त वर-खाली असावा. डावी-उजवीकडे झाला, तर खुंटी फळीच्या अंगातून बाहेर डोकावेल. तिरप्या खुंट्या एकमेकींविरुद्ध ओढतात आणि फळीला निघायला सरळ वाट उरत नाही. पाच इंच उंचीला तीन खुंट्या पुरेशा आहेत. खुंटी आखूड फळीत सव्वा इंच तरी जावी, आणि भोक तिच्यापेक्षा थोडे खोल असावे, नाहीतर तळाशी कोंडलेली हवा आणि गोंद फळी फोडतात.

आणखी एक. लांब फळ्या सुरुवातीला दोन्ही टोकांना अर्धा इंच जास्त ठेवाव्यात. खुंटी टोकाच्या फार जवळ ठोकली की फळी चिरते. ते वाढीव लाकूड ठोकण्याचा धक्का सोसते आणि काम झाल्यावर कापून टाकता येते.

बालाघाट (बीड जिल्हा)

मनापासून आभार. पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, वापरल्या तर? लोखंड नको, एवढेच कारण असेल तर पितळ चालावे.

दुधना (जालना)

पितळ गंजत नाही, त्यामुळे डागाची भीती जाते. लोखंडाचे दुखणे केवळ गंजाचे नाही. साग आणि बाभूळ या दोन्हींत तुरट द्रव्य असते, आणि ओलावा मिळाला की लोखंडाशी त्याचा संयोग होऊन लाकडावर काळे डाग पडतात. पितळी चुकेने ते होत नाही. परंतु तिची पकड खुंटीइतकी नसते, आणि सागात आधी बारीक भोक न पाडता ती ठोकली तर वाकते. बिजागरीला पितळ घ्यावे. सांध्याला खुंटीच बरी, असे माझे मत आहे.

मांजराकाठ

सर्वांचे वाचून तळ सोडवला. फळी भेगेवर वेगळी करून, रंधून, जोडून घेतली. पट्ट्या बसवल्या. उघडलेल्या कोपऱ्यातल्या तीन खुंट्या गिरमिटाने पोखरून काढल्या आणि त्याच जागी वेळूच्या खुंट्या तिरप्या घातल्या. वेळूची खुंटी जात असताना मोगरीचा आवाज बदलत जातो. शेवटच्या टोल्याला तो भरीव, जणू एकाच लाकडावर पडल्यासारखा येतो. तो आवाज प्रथमच ऐकला आणि सांधा बसल्याची खात्री झाली.

आता झाकण राहिले आहे. दहा इंचांच्या रुंदीवर पुन्हा तोच प्रश्न येणार. आणि तेल कोणते द्यावे?

वाकस (परभणी जिल्हा)

झाकणाला बिजागरीही नको. झाकणाच्या दोन्ही बाजूंना, आखूड भिंतींच्या बाहेरून उतरणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या जोडाव्यात. मागच्या कोपऱ्याजवळ प्रत्येक पट्टीतून भिंतीत एक जाड, तीन सुतांची खुंटी घालावी. झाकण या दोन खुंट्यांवर फिरते. खुंटी भिंतीत गच्च आणि पट्टीत सैल असावी. झाकणाची मागची कड गोल करावी, नाहीतर उघडताना ती भिंतीला अडेल.

पट्टीचे रेषे झाकणाच्या रेष्यांना आडवे आहेत, म्हणून पट्टी झाकणाला मागच्या टोकाशीच पक्की करावी. पुढच्या खुंट्यांसाठी पट्टीतली भोके रुंदीच्या दिशेने सुतभर लांबट ठेवावीत, म्हणजे झाकण पट्टीवरून पुढे सरकू शकेल. तळाला आपण मध्य जखडला, इथे मागची कड जखडतो, कारण मागे फिरण्याची खुंटी आहे आणि तिच्यावर ताण येता कामा नये. सगळे हलणे पुढच्या कडेला येऊ द्यावे.

तेल जवसाचे द्यावे. करडईचे तेलही सुकते, पण फार सावकाश, आणि बरेच दिवस चिकट राहते. बाहेरून पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने पुसून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा हात द्यावा. आतून तेल देऊ नये. ते पानांना लागेल. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चोळामोळा केलेल्या चिंध्यांना आपोआप आग लागू शकते. त्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.

गोदाकाठची वाचक (नांदेड)

तेलाचा वास जाईपर्यंत पोथ्या आत ठेवू नयेत, एवढी माझी भर. आम्ही रुमालाच्या घडीत वेखंडाचे तुकडे ठेवतो, पानांना न टेकता. उत्तरा नक्षत्राच्या उघडिपीत एखाद्या कोरड्या दिवशी पोथी सावलीत उघडून ठेवावी. पेटी कितीही चांगली असली तरी पानांना वारा लागतोच.

मांजराकाठ

भाद्रपद संपत आला आहे, म्हणून कळवतो. यंदा आमच्याकडे पोळ्यानंतर आठ दिवस सूर्य दिसला नाही, त्यामुळे पेटीची परीक्षा नीट झाली. तळ आणि लांब भिंत यांच्यातली अर्ध्या सुताची फट इतकी मिटली आहे की आता तीत पोस्टकार्डच काय ते जाते. कोपरे चारही बंद आहेत. झाकण जूनमध्ये पेटीच्या पुढच्या कडेशी बरोबर जुळवले होते, ते आता पाऊण सूत पुढे आले आहे आणि मागच्या खुंट्यांवर पूर्वीइतकेच हलके फिरते. जुन्या खुंट्यांची टोके, जी वैशाखात बोटाला लागत होती, ती डोळे मिटून चाचपली तरी सापडत नाहीत. फक्त वेळूच्या नव्या तीन टोकांच्या जागी नखाला किंचित खळगा लागतो, कारण ती लाकूड कोरडे असताना घासून समतल केली होती.

काल दोन्ही पोथ्या नव्या रुमालांत बांधून आत ठेवल्या.